खोली घुमते, फोम लावू का?

मागच्या महिन्यात याच पानावर माइक कोणता घ्यावा ते लिहिलं होतं, तर त्यावर जी पत्रं आली त्यात अर्ध्याहून जास्त लोकांनी माइकचं सोडून भिंतीचंच विचारलं. काळे, टोकाटोकाचे फोमचे तुकडे सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलेत, ते लावले की आवाज रेडिओसारखा येते असा समज आहे आणि पाकीट मागवून झाल्यावर मग प्रश्न सुरू होतात. म्हणून यावेळी पूर्ण पान फोमलाच दिलं. मी स्वतः साउंड सर्व्हिस चालवतो, घरामागे रेकॉर्डिंगची एक छोटी खोली आहे, त्यामुळे खाली जे लिहिलं त्यातलं बरंचसं हाताने करून पाहिलेलं आहे.

प्रश्न: भाऊ, मी वडसा भागात राहतो. झाडीपट्टीच्या नाटकांच्या जाहिराती रेकॉर्ड करून देतो, गाडीवर भोंगा लावून गावोगावी फिरवतात ना, त्या. दिवाळी झाली की काम सुरू होते ते होळीपर्यंत चालते. घरातली मागची खोली त्यासाठी ठेवली, १० बाय १२ ची, उंची १० फूट, वर स्लॅब, खाली टाइल. आवाज विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखा येते. ऑनलाइन १२ तुकड्यांचं फोमचं पाकीट मागवलं, एक फूट बाय एक फूटचे, समोरच्या भिंतीवर चांगली नक्षी करून लावले. काहीच फरक नाही. माल नकली आला काय?

उत्तर: माल नकली नसेल भाऊ, माल कमी पडून राहिला. थोडा हिशोब करू, डोक्याला ताण नाही, शाळेतला गुणाकार-भागाकार आहे.

तुमच्या खोलीचं घनफळ १२०० घनफूट, म्हणजे ३४ घनमीटर. चारही भिंती, स्लॅब आणि फरशी सगळं धरून पृष्ठभाग ६८० चौरस फूट, म्हणजे ६३ चौरस मीटर. सिमेंटचं प्लास्टर आणि टाइल आवाज पित नाहीत, अंगावर आलेल्या आवाजातला शंभरातला दोन-तीन भाग फक्त घेतात, बाकी सगळा परत फेकतात. या हिशोबाने रिकाम्या खोलीत तुमचा शब्द पूर्ण विरायला पावणेतीन-तीन सेकंद लागतात. म्हणजे तुम्ही "आज रात्री ठीक नऊ वाजता" म्हणता तेव्हा "नऊ" येईपर्यंत "आज" अजून भिंतीवर आपटतच असते, आणि माइक ते सगळं इमानदारीने उचलते. आता तुमचे १२ तुकडे २ इंच जाडीचे आहेत असं धरलं आणि ते आवाजाचा ८० टक्के भाग पितात असं धरलं, तरी वेळ फक्त दोन सेकंदांवर येते. तेवढ्याने घुमणं काही जात नाही. असेच ६० तुकडे लावले तर पाऊण-एक सेकंद, १२० लावले तर अर्धा सेकंद. बोलण्याच्या रेकॉर्डिंगला अर्ध्या सेकंदाच्याही खाली पाहिजे. आणि पाकिटात येतात ते तुकडे बहुतेक १ इंचाचेच असतात, म्हणजे त्यांचा हिशोब याहून कमजोर.

हे गणित ज्यांनी मांडलं त्यांची गोष्ट मला फार आवडते, म्हणून सांगतो. १८९५ मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात एक नवीन व्याख्यानाचा हॉल बांधला होता, त्यात बोललेलं कोणालाच समजत नव्हतं, इतका घुमायचा. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला सांगितलं की बाबा, याचं काही तरी कर. त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, हॉलमध्ये मांडल्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची आणि घड्याळ लावून आवाज विरायला किती वेळ लागते ते मोजायचं, मग गाद्या वाढवायच्या, परत मोजायचं. सकाळी गाद्या जागच्या जागी. त्या गाद्यांवरूनच त्यांनी सूत्र काढलं: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा, आणि खोलीतल्या प्रत्येक पृष्ठभागाचे चौरस मीटर गुणिले तो आवाजाचा जेवढा भाग पिते, या सगळ्यांच्या बेरजेने भागा, उत्तर सेकंदांत येते. १९०० साली उघडलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल याच गणितावर बांधला. मुद्दा असा की आवाज गादी पिते हे १३० वर्षांपूर्वी मोजून झालेलं आहे, आणि गाद्यांची आपल्याकडे कमी नाही.

म्हणून तुम्ही आणखी ५० तुकडे मागवायच्या आधी एक काम करा. घरातल्या दोन जाड गोधड्या आणि एक रजई घ्या. माइकसमोर बसाल तेव्हा तुमच्या पाठीमागे एक गोधडी दोरीवर टांगा, भिंतीला चिकटवून नको, वीतभर पुढे. दुसरी बाजूला. खाली सतरंजी. माइकचं तोंड तुमच्याकडे असते, म्हणजे तुमच्या पाठीमागच्या भिंतीवरून जे परत येते ते त्याच्या थेट तोंडात जाते, माइकच्या मागून येणारं तो कमी घेते. तुम्ही फोम समोरच्या भिंतीवर लावला, म्हणजे माइकच्या पाठीवर, तिथली गरज दुसऱ्या नंबरची होती. आणि तोंड माइकपासून एक वीत, त्यापेक्षा दूर नाही. अंतर अर्धं केलं की तुमचा आवाज ६ डेसिबलने चढते, खोलीचा आवाज तेवढाच राहते. हे फुकट आहे आणि फोमपेक्षा जास्त काम करते.

टाळी वाजवून पहा. आत्ता वाजवाल तर टाळीच्या मागून "टर्रर्र" असा पत्र्यासारखा आवाज धावत जाईल, तो दोन समोरासमोरच्या उघड्या भिंतींमधला आहे. गोधडी टांगून वाजवा, तो गेलेला असेल. जिथे उभं राहून टर्रर्र ऐकू येते तिथल्या दोनपैकी एका भिंतीवर फोम लावायचा, दोन्हीवर लावायची गरज नाही.

आणि कायमचं करायचं असेल तर फोमऐवजी कापसाचे पॅनल बनवा, हे मी मनापासून सांगतो. सुताराकडून ४ इंच खोलीच्या लाकडी चौकटी करून घ्या, २ फूट बाय ४ फूटच्या. त्यात पिंजलेली रुई भरा, एका चौकटीला तीन किलोच्या आसपास लागते, जुन्या गादीची पिंजून घेतली तर पैसाही लागत नाही. मधून दोन-तीन ठिकाणी सुतळीने टाके घाला नाहीतर सहा महिन्यांत सगळी रुई खाली बसते आणि वरचा भाग पोकळ होते. समोरून बारदाना ताणून मारा, बारदान्याच्या जाळीतून आवाज आरपार जाते. रेक्झिन किंवा प्लास्टिक मारू नका, त्यावरून आवाज परत फिरते. अशा आठ चौकटी, सोबत वरच्या गोधड्या आणि सतरंजी, एवढं तुमच्या खोलीला पुरते. मी माझ्या खोलीत सहा लावल्या आहेत, भिंतीपासून २ इंच सोडून, खुंट्यांवर. १ इंची फोम फक्त "स", "श", "च" असा बारीक आवाज पिते, छातीतून येणारा भारी आवाज त्याच्यातून निघून जाते, म्हणून नुसत्या पातळ फोमच्या खोलीत आवाज चोंदल्यासारखा येते. ४ इंच रुई आणि मागची २ इंच हवा बरंच खालपर्यंत पिते. याचं कारण साधं आहे, १००० हर्ट्झच्या आवाजाची लाट ३४ सेंटिमीटरची असते, १०० हर्ट्झची साडेतीन मीटरच्या जवळपास. एवढ्या लांब लाटेला १ इंचाचं काही जाणवतही नाही.

प्रश्न: आम्ही गावातल्या पोरापोरींनी मिळून अभ्यासिका काढली, पोलीस भरती आणि एमपीएससीवाले बसतात, २२ जण आहेत. शेजारी पिठाची चक्की आहे, सकाळी आणि संध्याकाळी चालते, डोकं उठते. ग्रामपंचायतीने थोडी मदत देतो म्हटलं, फोम लावायचा ठराव घ्यायचा आहे. चारही भिंतींना किती लागेल? (ता. आर्णी, जि. यवतमाळ)

उत्तर: ठराव थांबवा. कृपा करून थांबवा, कारण ग्रामपंचायतीचे पैसे एकदा फोमवर गेले की दुसऱ्यांदा मिळणार नाहीत आणि चक्की ऐकू येतच राहील.

फोम खोलीच्या आतला घुमारा पिते. बाहेरचा आवाज आत येण्यापासून तो अडवत नाही, कारण अडवायला वजन लागते. फोममधून फुंकर मारून पहा, हवा आरपार जाते, जिथून हवा जाते तिथून आवाजही जाते. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर साधारण ६ डेसिबल कमी होतात, आणि फोमचं वजन विटेच्या भिंतीपुढे काहीच नाही. तुमची भिंत ९ इंची विटेची, दोन्हीकडून प्लास्टर असेल तर ती ५० डेसिबलच्या आसपास अडवतेच आहे, तिला काही करायची गरज नाही.

मग चक्की येते कुठून? खिडकीतून, रोशनदानातून, दाराच्या खालच्या फटीतून. हे लोकांना खरं वाटत नाही म्हणून आकडा सांगतो: ४० डेसिबल अडवणाऱ्या भिंतीत शंभरातला एक भाग जरी उघडा राहिला तरी ती पूर्ण भिंत २० डेसिबलचीच होते. १० बाय १० च्या भिंतीत एक चौरस फूट रोशनदान म्हणजे नेमका शंभरावा भाग. चक्कीच्या बाजूचं रोशनदान विटा लावून बंद करा, त्या बाजूला खिडकी असेल तर तीही, हवेसाठी विरुद्ध बाजूला नवीन काढा. दाराला चारही बाजूंनी रबराची पट्टी मारा, खाली उंबरठा करा. दार पोकळ प्लायवूडचं असेल तर भरीव घ्या. दिवा बंद करून दाराकडे पहा, जिथून उजेड येतो तिथून चक्की येते. फोमचे पैसे इकडे लावा.

वर टिनं असतील तर मात्र अडचण आहे, टिनातून आवाज सरळ येते आणि टिन व भिंतीच्या मध्ये जी मोकळी फट असते ती तर रस्ताच आहे. ती फट विटा-सिमेंटने भरा. पावसाचा आवाज फोमने जात नाही हेही इथेच सांगून टाकतो, कारण दोघा-तिघांनी विचारलं. थेंब टिनाला ठोकते आणि टिन स्वतःच वाजते, त्याला खालून जड छत पाहिजे, वाजणाऱ्या टिनाला न टेकणारं.

आणि चक्कीवाल्या काकाजींकडे एक चक्कर मारा. भांडायला जाऊ नका. मोटर आणि चक्की कशावर ठेवली आहे ते पहा, फाउंडेशनवर सरळ नटबोल्टने आवळली असेल तर जमिनीतून थरथर तुमच्या भिंतीत येऊन राहिली, बेंचवर तळहात ठेवला की कळते. खाली जाड रबराचे पॅड टाकायला फार खर्च नाही, अभ्यासिकेने वर्गणी करून दिले तरी चालेल. आमच्या गावात हेच केलं, आणि काकाजींनी स्वतःहून दुपारी दोनची वेळ काढली दळणासाठी, कारण त्यांचीच नात तिथे बसायची. सगळीकडे नात नसते हे मला माहीत आहे, पण रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत लिहिलेली आहे, तेवढं माहीत असू द्या. आधी बोलणं.

प्रश्न: अंड्याचे ट्रे लावले तर चालते काय? पोल्ट्रीवाला मित्र आहे, फुकट मिळतात.

उत्तर: नाही चालत. आकार फोमसारखा दिसते एवढंच, पुठ्ठा पातळ आहे, आवाज पित नाही, थोडासा वरचा आवाज इकडेतिकडे फेकते. वरून झुरळं होतात, उंदीर होतात आणि आगीला कोरडं सरपण होते. थर्माकोलचंही तसंच, आणि टीव्हीच्या खोक्यात येते त्या पांढऱ्या पॅकिंगच्या शीटचंही. फुंकर आरपार गेली पाहिजे, ही एकच परीक्षा लक्षात ठेवा.

प्रश्न: मी अकोल्याजवळच्या गावात शिक्षक आहे. ऑनलाइन शिकवण्यासाठी एका खोलीत ४८ फोम लावले होते, मार्चमध्ये. दुहेरी टेपने. मे महिन्यात रोज सकाळी पाच-सहा खाली पडलेले दिसायचे, आता अर्धी भिंत रिकामी आहे आणि जिथून पडले तिथला रंगही सोबत निघाला. परत कसे लावू?

उत्तर: सर, तुमचं पत्र वाचून मला माझाच पहिला उन्हाळा आठवला. मीही टेपनेच लावले होते, चुना मारलेल्या भिंतीवर, आणि एका रात्री रेकॉर्डिंग चालू असताना डोक्यावरचे चार एकापाठोपाठ एक माइकवर पडले. खाली पडलेला तुकडा उलटून पाहिला तर टेप पूर्ण शाबूत, त्यावर पांढरा चुना पावडरसारखा बसलेला, बोट फिरवलं तर बोट पांढरं. टेपने काम बरोबर केलं होतं. त्याने चुना धरून ठेवला, चुन्यानेच भिंत सोडली.

चुना आणि साधा डिस्टेंपर हे भिंतीला पक्के धरत नाहीत, हात फिरवला की हाताला लागते ती भिंत चिकटवायच्या कामाची नाही. त्यात आपल्याकडे ४५ डिग्री, पश्चिमेची भिंत रात्री बारालाही गरम असते, टेपचा डिंक मऊ होते आणि घसरते. मग जूनमध्ये पाऊस आला की ओल. म्हणून भिंतीला काही चिकटवायचंच नाही, ही माझी पद्धत झाली आहे.

हार्डबोर्ड किंवा ६ एमएमचा प्लाय घ्या, २ बाय ४ फूटचा. त्यावर आठ तुकडे बसतात. चिकटवायला फोमचं सोल्युशन मिळते सोफा दुरुस्तीवाल्याकडे, तेच वापरा, पातळ हाताने दोन्हीकडे लावून पाच मिनिटं वाळू द्या आणि मग दाबा. खिडक्या उघड्या ठेवून करा, वास डोक्यात जाते आणि ते पेट घेणारं असते, जवळ विडी-अगरबत्ती काही नको. स्वस्तातलं काही सोल्युशन फोमला गाळते, म्हणून आधी एका कोपऱ्यावर लावून अर्धा तास पहा. मग त्या पाटाला वरून दोन हुक आणि भिंतीत दोन खिळे, झालं, फोटो टांगतो तसं. मागे लाकडाची पट्टी ठेवून इंच-दोन इंच जागा सोडली तर चांगलंच, आवाजही जास्त पिते आणि भिंतीची ओल फोमला लागत नाही. उन्हाळ्यात उतरवून झटकता येते, घर बदललं तर सोबत नेता येते, घरमालक ओरडत नाही. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पाट उचलून मागे पहा, उधळी (वाळवी) चढते कधी कधी, आणि उंदराला फोम फार आवडते, पिल्लं घालायला नेतात.

फोम धुवू नका, चुरगळते. कापड ठेवून व्हॅक्युमने धूळ ओढा, नसेल तर मऊ कुंच्याने. खिडकीतून थेट ऊन येते तिथे लावू नका, दोन-तीन वर्षांत पिवळा-तांबडा होऊन बोटाने चुरा होते.

आणि ४८ सगळे परत लावायचे म्हणत असाल तर एक सांगू, कूलर कुठे आहे? तुमच्या तासाला कूलर चालू असणारच, मे महिन्यात बिना कूलरचं कोण शिकवेल. त्या घर्र आवाजाला फोम काही करत नाही. कूलर माइकच्या पाठीमागे येईल असे बसा, म्हणजे माइकचं तोंड तुमच्याकडे आणि पाठ कूलरकडे. साधा कार्डिऑइड माइक, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, पाठीमागचं सगळ्यात कमी घेते. मी माझ्याकडे तासाआधी खोली थंड करून घेतो आणि रेकॉर्डिंगची वीस मिनिटं कूलर बंद ठेवतो, घामाने निथळतो पण आवाज स्वच्छ येते. कूलरच्या दमट हवेचा झोत फोमवर मात्र येऊ देऊ नका, काळे ठिपके पडतात.

प्रश्न: आमचं खंजिरी भजनाचं मंडळ आहे, अमरावती जिल्हा, राष्ट्रसंतांची भजनं म्हणतो. देवळाला नवीन सभामंडप झाला, खाली ग्रॅनाइट, भिंतींना टाइल. खंजिरी वाजली की नुसता कल्ला होते, शब्द कळत नाही, आणि माइक शिट्टी मारते. छताला फोम लावावा काय?

उत्तर: देवळात फोम नको बुवा. समई असते, आरती असते, अगरबत्ती असते. कारण खालच्या पत्राच्या उत्तरात सविस्तर लिहिलं आहे.

सतरंज्या पूर्ण अंथरा, पातळ नको, जाड. मागच्या भिंतीला, समईपासून दूर, जाड सुती पडदे टांगा, ताणून नाही, चुण्या पडतील असे, भिंतीच्या लांबीच्या दुप्पट कापड. स्पीकर भजनी बसतात त्यांच्या पुढे न्या, भजन्यांच्या मागे, म्हणजे माइकच्या तोंडासमोर, स्पीकर राहिला तर शिट्टी होणारच. रिकाम्या मंडपात साउंड लावून पाहता तेव्हा जे ऐकू येते त्याने घाबरू नका, माणसं बसली की त्यांचे कपडेच आवाज पितात, शंभर माणसांचा मंडप आणि रिकामा मंडप यात जमीन-अस्मानाचा फरक असते. खंजिरीला वेगळा माइक देऊ नका, तिला गरज नाही. शब्द महत्त्वाचा आहे त्या भजनात, माइक शब्दाला द्या.

प्रश्न: भाऊ, मी वऱ्हाडी स्वयंपाकाचे व्हिडिओ करते, पातोडीचा रस्सा, सांभारवडी, मांडे असं. स्वयंपाकघर लहान, सगळीकडे टाइल, कढईत झारा लागला तरी कानात घुमते. ओट्याच्या मागच्या भिंतीला फोम लावला तर दिसायलाही छान दिसेल. गॅसपासून किती दूर ठेवू?

उत्तर: ताई, स्वयंपाकघरात लावूच नका. किती दूर असं काही अंतरच मी सांगणार नाही.

हा फोम पॉलियुरेथेनचा असते. आग लागली की तो कापसासारखा धुमसत बसत नाही, वितळून पेटलेले थेंब खाली सांडत जाते आणि धूर निघते त्यात कार्बन मोनॉक्साइडसोबत हायड्रोजन सायनाइड असते. २० फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेच्या ऱ्होड आयलंडमध्ये एका नाइट क्लबात स्टेजमागच्या भिंतीवर आवाजासाठी हाच फोम लावला होता, कार्यक्रमातल्या फटाक्याची ठिणगी त्याला लागली आणि १०० माणसं गेली. पहिल्या काही मिनिटांतच बाहेर निघायचा रस्ता संपला होता. २७ जानेवारी २०१३ ला ब्राझीलमध्ये सांता मारिया शहरात परत तसंच झालं, छताला फोम, स्टेजवर फटाका, २४२ माणसं, बहुतेक कॉलेजची पोरं. मी हे वाचलं त्या दिवशी माझ्या खोलीतला स्विचबोर्डच्या भोवतीचा सगळा फोम काढला. बोर्डाच्या एका प्लगजवळचा तुकडा मागून तपकिरी झालेला होता, हात लावला तर कडक लागला, कुरकुरीत. प्लग ढिला होता, कधीतरी ठिणगी पडत असेल, मला आठ महिने पत्ता नव्हता. तेव्हापासून बोर्ड, होल्डर, वायरिंग यांच्यापासून दीड-दोन फूट मोकळी भिंत ठेवतो, आणि रुईच्या चौकटींनाही हाच नियम, कारण रुईही पेटते.

जे लोक दुसऱ्या खोलीत लावणार आहेत त्यांनी विकत घेताना पेटला तरी आपोआप विझणारा आहे काय ते विचारा, चांगल्या मालावर यूएल ९४ एचएफ-१ असं लिहिलेलं असते, तो फोमच्या आगीच्या चाचणीतला दर्जा आहे. नुसतं "फायरप्रूफ" लिहिलेलं असेल तर विश्वास ठेवू नका. एक बोटभर तुकडा कापून अंगणात चिमट्यात धरून काडी लावून पहा, मोकळ्या जागेत, धुराकडे तोंड न करता, खाली माती असू द्या. काडी काढल्याबरोबर विझला तर बरा, पेटत राहिला आणि थेंब टपकले तर परत पाठवा. दाराकडे जायच्या रस्त्यावर फोम नको, आणि खोलीचं दार आत उघडणारं असेल तर त्यामागे सामान नको.

आता तुमच्या व्हिडिओचं. कॉलरला लावायचा छोटा माइक घ्या, तोंडापासून वीतभर खाली लागते, अर्धं घुमणं तिथेच संपते. मोबाइलच्या माइकवर दूरून बोलू नका. खाली, गॅसपासून दूर, एक सतरंजी टाका. कॅमेऱ्याच्या मागे, जिथे दिसत नाही आणि जिथे शेगडी नाही, तिथे दारात एक गोधडी टांगा. आणि जे सविस्तर सांगायचं आहे, मसाला किती, भिजवायचं किती वेळ, ते नंतर निजायच्या खोलीत गादीवर बसून रेकॉर्ड करा आणि व्हिडिओवर बसवा. गादी, उशा, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, याच्यापेक्षा चांगली रेकॉर्डिंगची खोली विकत मिळत नाही. रश्श्याला उकळी येते तो आवाज मात्र स्वयंपाकघरातलाच राहू द्या, तो लोकांना ऐकायचा असते.

प्रश्न: पाकिटातून फोम पापडासारखा चपटा निघाला, फुलतच नाही. दोन दिवस झाले. परत करू काय?

उत्तर: एवढ्यात नको. हवा काढून दाबून पाठवतात म्हणून तसं होते. पाणी शिंपडून हलक्या हाताने दोन-तीनदा दाबा, पिळू नका, आणि सावलीत मोकळ्या हवेवर उभे करून ठेवा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत एक-दोन दिवसांत बहुतेक फुलतात. पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. चौथ्या दिवशीही कडा बसलेल्याच असतील तर फोटो काढा आणि परत पाठवा, मुदत संपायच्या आत.